खाजं खवट होईना

राग गेला का गं, असं घरी येणारं प्रत्येक माणूस मला विचारतं. नाही गेला. त्या व्यापाऱ्यावरचा नाही गेला, त्या तेलाच्या डब्यावरचा नाही गेला, आणि माझ्या स्वतःवरचा तर अजिबातच नाही. सुरुवातीपासून सांगते, म्हणजे मी उगाच कावलेली नाही हे तुम्हाला कळेल.

आमचं घर खाज्याचं. मिठबावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या, आल्या-गुळाच्या पाकात घोळवायच्या, सुकवायच्या. त्रिपुरी पौर्णिमा झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि आमच्याकडे जत्रेतून घरी जाणारा माणूस खाज्याची पुडी घेतल्याशिवाय जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून कढईशी बसते ती माझी थोरली जाऊ. तिला मी बाय म्हणते. ती सत्तरीपुढची, मी पंचावन्नची. दोघींचे नवरे गेले, मुलं पोटापाण्याला बाहेर. घरात आम्ही दोघी आणि कढई.

बायची एक पद्धत आहे. प्रत्येक खेपेतलं मूठभर खाजं ती काचेच्या बरणीत घालून चुलीमागच्या फळीवर ठेवते. रोज सकाळी झाकण उघडून वास घेते आणि भिंतीवर चुन्याचं एक बोट उमटवते. पानाचा डबा जवळच असतो. ज्या दिवशी खवट वास येईल त्या दिवशी बोटं मोजायची. थंडीत पंचवीस, उन्हाळ्यात वीस. गिऱ्हाइकाने विचारलं, किती दिवस टिकेल, तर बाय तेवढेच दिवस सांगणार. लोक पाकिटावर तारीख छापतात, आमची तारीख चुलीमागच्या भिंतीवर असते.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे वजनकाटा आहे, पण तो विकायला. करायला नाही. पीठ, मोहन, गूळ, आलं, सगळं हाताच्या मापाने. इतकी वर्षं त्यात कधी काही बिघडलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी अक्कल नेमकी तिथेच शेण खायला गेली.

शहरात कोकणच्या वस्तूंचं दुकान असलेला एक माणूस जत्रेत आमचं खाजं खाऊन खूश झाला. मोठी ऑर्डर दिली. आम्ही पाठवलं. त्याने ते पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत भरलं, दुकानाच्या काचेत उन्हासमोर मांडलं आणि दीड महिना तसंच ठेवलं. मग फोन केला. फोन मी स्पीकरवर टाकला होता, कारण बायला ऐकायला कमी येतं. तो म्हणाला, "आजी, वास मारतंय हो तुमचं खाजं. सगळं परत आलं. वय झालं तुमचं, हात गेला आता."

हसत म्हणाला, मेला. हसत!

बाय उठून मागच्या पडवीत गेली. त्यानंतर आठ दिवस ती कढईला शिवली नाही. माशाच्या कालवणात मीठ घालायची तर मला हाक मारायची, "गो, चाखून बघ, बरा आसा?" आयुष्यात जिने चाखून मीठ घातलं नाही ती बाई! मी सांगायची, अगो त्याने उन्हात ठेवलं, आपल्या खाज्याला पंचवीस दिवसांचं आयुष्य, दीड महिना कसं टिकणार? ती मान हलवायची आणि आपल्या हाताकडे बघत बसायची. तो हात बघून मला त्या माणसाला शोधून त्याच्या दुकानासमोर बोंबलावंसं वाटायचं.

मग तो स्वतः आला. गाडीतून, चार तेलाचे डबे आणि एक रबर लावलेली जाड पिशवी घेऊन. बाय तेव्हा देवळात गेली होती. म्हणाला, ते घाटावरून येणारं घाण्याचं तेल सोडा, या रिफाइंड तेलात तळा, रंग पण छान येईल. आणि ही पावडर तेलात घाला, म्हणजे खवट होणार नाही. तीन महिने बघायला नको. मी विचारलं, कसली पावडर? "अँटिऑक्सिडंट म्हणतात. सगळेच टाकतात. बिस्किटात असतं, फरसाणात असतं, तुम्ही रोज खाता." पिशवीवर काही छापलेलं नव्हतं. पेनाने दोन-तीन इंग्रजी अक्षरं लिहिली होती. मी विचारलं, किती घालायची? तर म्हणाला, "चिमूटभर. अंदाजाने हो. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर हातच वजनकाटा!"

आणि मी लाजले. खरं सांगते, तिथे उभी राहून लाजले. आठ दिवसांपूर्वी ज्याने माझ्या जावेचा हात गेला म्हटलं, त्याने माझ्या हाताची स्तुती केली आणि मी पदर सारखा करत बसले. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

बायला तेल बदलल्याचं सांगितलं. कुरकुर केली तिने, "ह्या तेलाक वासच नाय," पण तयार झाली. पावडरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ती पिशवी खड्ड्यात फेकली असती, हे मला माहीत होतं. पण मला ती पुन्हा कढईशी बसलेली बघायची होती. एवढंच डोक्यात होतं. हे मी माफी मिळावी म्हणून सांगत नाही.

आता माझं शहाणपण ऐका. कढईत पाच किलो तेल. त्यात चिमूटभर पावडर म्हणजे काय, काहीच नाही असं मला वाटलं. मीठ जास्त घातलं की खारातली कैरी जास्त टिकते, तसंच हे असेल असा मी हिशोब केला आणि चहाचा चमचा भरून घातला. पुन्हा आमच्यात तळणीचं तेल टाकून देत नाहीत. संध्याकाळी गाळायचं, सकाळी जेवढं कमी झालं तेवढं नवीन ओतायचं. मी रोज नवीन तेल ओतलं की रोज एक नवीन चमचा घालायची. बाय पीठ मळायला वळली की पटकन. पिशवी बेसनाच्या डब्यामागे लपवली होती.

भिंतीवर बोटं उमटू लागली. वीस झाली. पंचवीस झाली. तिसाव्या दिवशी बायने बरणी माझ्या नाकासमोर धरली. "घे गो वास. काय येता?"

"आल्याचा येता."

"खवट येता?"

"नाय."

ती लहान पोरीसारखी हसली. चाळीस झाली, पन्नास झाली. चुन्याची रांग फळीच्या टोकाला गेली, तिथून वळून दाराच्या चौकटीपर्यंत आली. बाय येईल-जाईल त्याला ती रांग दाखवायची. नारळ पाडायला आलेल्या माणसालाही दाखवली. "बघ, माझो हात अजून गेलो नाय!" पुन्हा न चाखता मीठ घालू लागली. पहाटे माझ्याआधी उठून चूल पेटवू लागली. व्यापाऱ्याचा फोन आला तर मला म्हणाली, "स्पीकर लाव," आणि त्याला स्वतः सुनावलं, "काय रे मेल्या, आता येता वास?" तो हसला. मी पण हसले. माझं तोंड आतून कडू झालं होतं आणि मी हसले.

मग आमच्या गावच्या देवीची जत्रा. आमच्या घराला एक मान आहे: कढईतलं पहिलं खाजं देवीपुढे जातं आणि मगच जत्रेत खाज्याची विक्री सुरू होते. बायने नवं लुगडं नेसून ते खाजं पानावर घालून देवळात नेलं. दुकानावर बसून गिऱ्हाइकांना सांगू लागली, "खुशाल तीन म्हयने ठेवा, काय होवचा नाय." पोराबाळांच्या हातात पुड्या जात होत्या. मी पैसे घेत होते आणि मान वर करत नव्हते. त्याच दिवशी अन्न तपासणीवाल्या बाई येऊन दोन पुड्या सील करून घेऊन गेल्या. दरवर्षी कुणाकुणाच्या घेतात. सगळेच टाकतात, असं तो म्हणाला होता ना, मग मला कशाची भीती?

काही आठवड्यांनी त्या बाई घरीच आल्या. तरुण होत्या, बोलायला नीट. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकली, पाणी दिलं. त्यांनी कागद काढला आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या खाज्यात तेल टिकवायचं एक रसायन मर्यादेपेक्षा बरंच जास्त आलं आहे. तेलात काही मिसळता का?"

"नाय," बाय म्हणाली.

"नक्की? खवट होऊ नये म्हणून काही?"

"आमी कायच घालूक नाय. ह्या सोडून." आणि तिने आपला उजवा हात वर केला. बेसन लागलेला, कातडी सैल झालेला हात. मग त्या बाईंना हाताला धरून आत नेलं आणि भिंत दाखवली. "मोजा. सत्तरच्या वर गेली."

त्या बाई भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे आजी. तुम्ही सांगताय तसं मी लिहिते. बाहेरून कोणताही पदार्थ मिसळला जात नाही. खाली सही करा."

बाय साक्षरतेच्या वर्गात सही शिकली, त्याचा तिला फार अभिमान. अंगठा म्हटलं की चिडते. तिने पेन घेतलं, चष्मा पुसला आणि पहिलं अक्षर काढायला सुरुवात केली. हळू, दाबून. उद्या हाच कागद तिला खोटारडी ठरवणार होता, आणि ती त्यावर किती अभिमानाने सही करत होती! माझ्याने बघवेना. मी तिचं मनगट धरलं.

"मॅडम, पावडर मी घातली. हिला माहीत नाही."

बेसनाच्या डब्यामागून पिशवी काढून आणली आणि चमचाही आणला. त्या बाईंनी मला चमचाभर पावडर कागदावर घालायला सांगितलं आणि तो कागद आमच्या काट्यावर ठेवला. काटा हललाच नाही. विकायचा काटा तो, पाव किलोपासून पुढे वजन करणारा. "हे सोनाराच्या काट्यावर मोजायचं असतं," त्या म्हणाल्या. "किलोभर तेलाला ग्रॅमचा पाचवा भाग, त्याच्या वर नाही. तेही तेल बनवणाऱ्याने, कारखान्यात. तुमच्या पाच किलोच्या कढईला एक ग्रॅम झाला की हद्द संपली. तुम्ही रोज चमचा?"

मी विचारलं, कोणाला काही झालं असेल का? त्या म्हणाल्या, एक-दोन पुड्यांनी होत नाही, घाबरू नका. हे काही बंदी असलेलं विष नाही. पण मर्यादा असते ती एवढ्यासाठी की माणूस फक्त तुमचं खाजं खात नाही. सकाळी बिस्किट, दुपारी फरसाण, संध्याकाळी वेफर, सगळीकडे थोडं थोडं. कोणाच्या पोटात किती गेलं, कोण मोजणार? मला ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच संताप आला. शेजारच्या बाईने मागे मला फोनवर एक निरोप पाठवला होता, डबाबंद खाण्यात विष असतं, पुढे दहा जणांना पाठवा. इकडे हा व्यापारी म्हणतो, सगळेच टाकतात. एक घाबरवतो, दुसरा थापटतो, आणि किती घालायची, कशाने मोजायची, हे सांगायला एकाचंही तोंड उघडत नाही! पिशवीवर ती एक ओळ लिहायला काय त्याचे हात मोडले होते?

त्या बाई बाहेर फोनवर बोलायला गेल्या तेव्हा बायने विचारलं, "पयल्या कढयेपासून?"

"होय."

"देवीच्या खाज्यात पण?"

"होय, बाय."

"माका खुळी केलंस गो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. फडकं ओलं करून आणलं आणि भिंतीवरची सगळी बोटं पुसू लागली. चौकटीपासून सुरुवात करून फळीपर्यंत. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला सारलं.

आम्हाला ताकीद मिळाली. उरलेलं सगळं खाजं त्या बाईंच्या समोर खड्ड्यात गेलं. कोंबड्यांनाही घालू दिलं नाही. व्यापाऱ्याला मी फोन केला तर म्हणाला, मी तर चिमूटभर म्हटलं होतं, तुम्ही जास्त घातलंत त्याला मी काय करू. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाय देवळात गेली, पुजाऱ्याला आणि तिथे बसलेल्या चार जणांना म्हणाली, "यंदाचा खाजा माझ्या हातचा नाय." माझं नाव घेतलं नाही. पुढच्या वर्षी आमचा मान राहील का, ते तिथे कोणी बोललं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

घरी आली आणि म्हणाली, कढई घास. घासली. पहिलं तेल सगळं फेकलं. व्यापाऱ्याच्या उरलेल्या डब्यातलं नवं तेल ओतलं, पावडर नाही, काही नाही. बायने खाजं केलं, मूठभर बरणीत घातलं, भिंतीवर पहिलं बोट उमटवलं. तिला तिचा हात तपासायचा होता.

वीस झाली. पंचवीस झाली. वास नाही. तीस झाली, वास नाही. ऊन तापलेलं, अशात विसाव्या दिवशी खवट व्हायला पाहिजे. पस्तिसाव्या दिवशी तिने बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"परत घातलंस?"

"नाय गो बाय! शपथ."

"शपथ घेव नको."

तिने विश्वास ठेवला नाही. कशाला ठेवेल? मी रडले, चिडले, पिशवी त्या बाई घेऊन गेल्या हे दहा वेळा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि बेसनाच्या डब्यामागे हात घालून बघायची. रोज बघायची. चाळिसाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. तेलाचा डबा ओढून खळ्यात उन्हात नेला आणि त्याच्यावरचा सगळा मजकूर बायच्या चष्म्यातून वाचू लागले. मोठ्या अक्षरात हृदय, सूर्य, फूल. आणि अगदी खाली, शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात: अँटिऑक्सिडंट, ३१९. त्या बाईंना फोन लावला. हो, म्हणाल्या, हे तेच. तेलात आधीच मोजून घातलेलं असतं. त्याला परवानगी आहे.

आधीच होतं! डब्यात आधीच होतं, मोजून, मापून. वर मी रोज चमचा ओतत बसले. ज्याने डबा दिला त्यानेच पिशवी दिली, आणि डब्यावर काय लिहिलंय ते त्याने एकदा वाचलं नाही. मीही वाचलं नाही. मला वाचता येतं. बायला येत नाही म्हणून मी आयुष्यभर घरातले कागद वाचले, आणि हा एक डबा नाही वाचला.

मी डबा बायसमोर आपटला. ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने डबा फिरवून फिरवून बघितला. मग पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माका खवट होणारा तेल व्हया."

घाटावरच्या घाण्यावाल्याला निरोप गेला. शेंगदाण्याचं तेल आलं, वासाचं. बायने पुन्हा खाजं केलं, पुन्हा बरणी, पुन्हा पहिलं बोट. या वेळी आम्ही दोघी वास घ्यायचो. आधी ती, मग मी. दहा झाली. पंधरा झाली. सतराव्या दिवशी तिने झाकण लावलं आणि पुन्हा उघडून वास घेतला. अठराव्याला ती म्हणाली, "आज तू आदी घे." मी घेतला. आल्याचा वास, गुळाचा वास. मान हलवली. ती पान लावायला बसली. हा हात खरंच गेला असेल तर काय, हे आम्ही दोघींनी मनात धरलं होतं. हात गेला की खाजं लवकर विटतं की उशिरा, तेही आता आम्हाला कळेनासं झालं होतं.

एकोणिसाव्या दिवशी मी विहिरीवर होते. आतून हाक आली, अशी की माझ्या हातून कळशी सुटली. वाटलं पडली, वाटलं भाजली. धावत आत गेले तर बाय चुलीपुढे उभी, बरणी छातीशी धरलेली, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडभर हसू.

"खवट झाला गो! ये, ये, वास घे. खवट झाला!"

मी बरणीत नाक घातलं. खवट. स्पष्ट, जुना, ओळखीचा खवट वास. मी त्यातली एक कांडी काढून खाल्ली, सगळी. बाय ओरडली, अगो पोट बिघडात, थूक! मी गिळली. मग तिने भिंतीवर एकोणिसावं बोट उमटवलं, आणि पुसलं नाही.